विचारलेला आजार, मोजलेला आजार

'ठाणे जिल्ह्यात इतक्या टक्के लोकांची रक्तशर्करा वाढलेली' असा आकडा वाचनात आला, की तो जास्त की कमी यावर लगेच चर्चा सुरू होते. आमच्या मते त्याआधी विचारायला हवे, की हा आकडा मिळाला कसा? दीर्घकालीन आजारांसाठी आपल्याकडे ज्या दोन मोठ्या पाहण्यांचा आधार घेतला जातो, त्यांना हा प्रश्न लावून पाहू.

पहिली, राष्ट्रीय नमुना पाहणीची 75वी फेरी (जुलै 2017 ते जून 2018). तिच्यात 1 लाख 13 हजारांहून अधिक कुटुंबांना विचारले गेले: गेल्या 15 दिवसांत घरात कोण आजारी होते? गेल्या 365 दिवसांत कोणाला रुग्णालयात दाखल करावे लागले? उपचार कोठे घेतले, खर्च किती आला, हे समजण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत फक्त तेथवर पोचलेला रुग्ण असतो. घरोघरच्या पाहणीत न पोचलेलाही सापडू शकतो.

पण उच्च रक्तदाब सहसा दुखत नाही. ज्याने तो कधी मोजूनच घेतला नाही, तो 'मला काही आजार नाही' असे प्रामाणिकपणे सांगणार. अशा पाहण्यांत केरळ हे बिहारपेक्षा कितीतरी अधिक 'आजारी' दिसते, आणि तरीही केरळातील माणूस अधिक जगतो. अमर्त्य सेन यांनी 2002 साली या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. केरळात वृद्ध अधिक आहेत, हे एक कारण. पण तेथे दवाखाना जवळ असल्यामुळे आजाराला नाव मिळते, हेही कारण आहेच. म्हणजे सांगितलेल्या आजाराचा आकडा काही अंशी आरोग्यसेवेच्या वापराचाही आकडा असतो. तो कमी आहे म्हणून खूश होणे धोक्याचे.

दुसरी पाहणी, देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21). येथे प्रश्नाच्या जोडीला उपकरण आले. 15 वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब मोजला गेला, बोटातून थेंबभर रक्त घेऊन शर्करा तपासली गेली. ज्याला स्वतःचा आजार ठाऊक नाही, तोही आता मोजणीत येतो. हे मोठेच पाऊल आहे.

मात्र शर्करेची ही तपासणी एकदाच आणि कोणत्याही वेळी केलेली असते. 100 मिलिलिटरमागे 140 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शर्करा 'वाढलेली' धरली जाते. नुकतेच जेवलेल्या निरोगी माणसाचीही शर्करा थोडा वेळ याच्या वर जाऊ शकते. त्यामुळे 'शर्करा वाढलेली' याचे वर्तमानपत्रात 'मधुमेही' असे भाषांतर होते, ते चूक आहे. शिवाय महाराष्ट्रातील क्षेत्रकाम 2019 मध्ये, कोविडपूर्वी झाले. ते आकडे आजचे म्हणून वापरता येणार नाहीत.

आमचा मुख्य आक्षेप मात्र 'जिल्हा' या एककाला आहे. या पाहणीत देशभर 707 जिल्ह्यांतील 6,36,699 घरे होती. सरासरी जिल्ह्यामागे सुमारे 900. समजा, आजाराचे प्रमाण 10 टक्के निघाले. घरटी एक माणूस धरून 0.1 × 0.9 ÷ 900 याचे वर्गमूळ काढले, की 0.01 येते, म्हणजे 1 टक्का. त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे धरले, तर खरे प्रमाण साधारण 8 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान असेल. जिल्ह्यासाठी हे चालण्यासारखे आहे. (घरे वस्तीवस्तीतून गटाने निवडतात, म्हणून प्रत्यक्षात ही फट आणखी रुंद असते.)

आता कल्याण-डोंबिवलीकडे या. 2011 च्या जनगणनेनुसार महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, आणि पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याची सुमारे 80 लाख. या प्रमाणात 900 पैकी सुमारे 140 घरे तिच्या वाट्याला येतील. तेच गणित 140 साठी केले, तर उत्तर येते 5 ते 15 टक्के! पाच आणि पंधरा यांत तिप्पट फरक आहे. रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयासाठी रक्तदाबाच्या गोळ्या किती मागवायच्या, हे यावरून ठरवता येईल का? सकाळी लोकलने मुंबई गाठून रात्री परतणारा डोंबिवलीकर आणि मुरबाड-शहापूरचा शेतकरी यांची सरासरी काढून जो 'ठाणेकर' तयार होतो, तो तर या दोघांपैकी कोणीच नव्हे.

दोष पाहणी करणाऱ्यांचा नाही. शहराचा आकडा देऊ असे त्यांनी म्हटलेलेच नाही. पण साडेबारा लाखांच्या शहराला स्वतंत्र नमुना मिळायला हवा, आणि त्यात विचारणे व मोजणे दोन्ही हवे. 'तुम्हाला रक्तदाब आहे का?' याचे उत्तर आणि यंत्रावरचा आकडा, यांतील अंतर म्हणजेच उपचारापर्यंत न पोचलेली माणसे. आरोग्यखात्याला सर्वांत जास्त गरज आहे ती याच आकड्याची.

वर्गमूळ शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून वरचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. नमुना चौपट केला, म्हणजे 140 ऐवजी 560 घरे घेतली, तर ही फट किती अरुंद होते, हे त्यांनाच काढू द्या.