समुपदेशनातला उपदेश

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. कुटुंब न्यायालयात, शाळेत, इस्पितळात त्याची पाटी दिसते. पण शब्द फोडून पाहिला, तर त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आढळतो. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभी असलेली स्त्री, पन्नाशीत एकटी पडलेली विधवा, आपले समलिंगी असणे घरी कसे सांगावे या विवंचनेतला मुलगा, जन्मापासून चिकटलेले नाव बदलू पाहणारी पारलिंगी व्यक्ती ही माणसे दार ठोठावतात, तेव्हा त्यांना उपदेश हवा असतो का? मराठीतल्या सल्ल्याच्या परंपरेकडे मी या प्रश्नातून पाहते आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मी पाहते ती भाषा : सल्ला देणारा कोणत्या वाक्यांत बोलतो आणि त्या वाक्यांत समोरच्याला किती जागा उरते.

या परंपरेचा आरंभ शोधताना र. धों. कर्वे यांना टाळून पुढे जाता येत नाही. जुलै १९२७ मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. त्यातली वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा मराठी गद्याचा एक वेगळाच नमुना आहे. उत्तर आटोपशीर, माहिती नेमकी, नाक मुरडणे नाही. प्रश्न विचारणाऱ्याला लाज वाटावी असे काही त्यात नसते. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला झाला. प्रश्न हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीचे होते. उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. नियतकालिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल आणि वाचकाने त्याविषयी विचारले, तर उत्तर का द्यायचे नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही, ही भूमिका मराठी माणसांच्या वतीने न्यायालयात मांडली गेली, याचे मोल निकालाने कमी होत नाही.

तरीही कर्व्यांच्या उत्तराला एक मर्यादा आहे आणि ती त्यांच्या सामर्थ्यातूनच येते. त्यांच्या लेखी प्रश्न म्हणजे अज्ञान आणि उत्तर म्हणजे ज्ञान. शरीराविषयीच्या भीतीला हे औषध लागू पडते. पण नवरा गेल्यावर सासरी राहू की माहेरी जाऊ, हे विचारणारी बाई अज्ञानी नसते. तिला सगळे ठाऊक असते. ठरवणे अवघड असते. पत्राचे उत्तर छापले की सदर पुढच्या पत्राकडे वळते. आयुष्यातले वळण मात्र एका अंकात संपत नाही.

ही उणीव स्त्री चळवळीने ओळखली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पुण्यात ‘नारी समता मंच’ उभा केला. हुंडा आणि छळ यांतून होणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंनी तेव्हा समाज हादरला होता. मंचाच्या केंद्राचे नाव होते ‘बोलते व्हा’. माझ्या मते मराठीत समुपदेशनाला मिळालेले हे सर्वांत नेमके नाव. यातही आज्ञार्थ आहे, पण तो ‘जुळवून घे’, ‘सहन कर’ या आज्ञार्थांच्या उलट दिशेचा आहे. ‘पदरी पडले पवित्र झाले’ म्हणणाऱ्या समाजात बाईला बोलण्याची आज्ञा देणे म्हणजे तिचा निर्णय तिच्या हाती ठेवणे. इथे सल्लागार आधी ऐकणारा होतो.

पुढचे पाऊल बिंदुमाधव खिरे यांचे. त्यांनी २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ अशी पुस्तके मराठीत लिहिली. कर्वे बाहेरून, विवेकाच्या बळावर बोलत होते. खिरे त्याच वाटेने चाललेल्या माणसाच्या आवाजात बोलतात. त्यांच्या लेखनाला साहित्यिक नटवेपणा नाही, म्हणून समीक्षकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही, असे मला वाटते. पण जिथे शब्दच नव्हते किंवा होते ते शिवीसारखे होते, तिथे सभ्य शब्द रुजवणे हे वाङ्मयीन कामच आहे.

शब्दांहून अवघड गोष्ट व्याकरणाची. मराठीत ‘कधी आलास?’ किंवा ‘कधी आलीस?’ एवढे विचारले तरी समोरच्याचे लिंग आपण ठरवून टाकलेले असते. ‘तुम्ही कधी आलात?’ म्हटले की ते ठरवायची गरज पडत नाही. पारलिंगी व्यक्ती स्वतःविषयी ‘मी गेलो’ म्हणते की ‘मी गेले’, तिकडे कान देऊन मग आपले क्रियापद निवडणे, ही मराठी समुपदेशकाची पहिली परीक्षा आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून हे शिकता येणार नाही. तिथला पेच सर्वनामाचा, आपला क्रियापदाचाही.

ऐकणाऱ्याने आधी स्वतः शिकावे, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. मदुराईहून चेन्नईला आलेल्या, एकमेकींसोबत राहू इच्छिणाऱ्या दोन तरुणींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन विषय समजून घेतला. जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल ‘बदलण्या’च्या उपचारांना मनाई केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

पण कायद्याने उपचार थांबले, तरी ‘लग्न करून द्या, सगळे ठीक होईल’ हा घरगुती उपचार थांबलेला नाही. त्यातून दोन आयुष्ये एकाच वेळी अडकतात : तो, जो सांगू शकला नाही, आणि ती, जिला कुणी सांगितले नाही. तिला महिला केंद्रात पाठवायचे, त्याला समलिंगींच्या संस्थेत, अशी वाटणी सोयीची असली तरी दुःख एकाच घरातले आहे. स्त्रियांसाठीचे आणि समलिंगी-पारलिंगींसाठीचे समुपदेशन हे दोन विषय नाहीत, असे मी म्हणते ते याचसाठी. तिला ‘जुळवून घे’ म्हणणारा आणि त्याला ‘लग्न कर’ म्हणणारा आवाज एकच आहे. तो ज्या समुपदेशनात ऐकू येत नाही, तेच मी खरे मानते.