लाभार्थी कोण? घरकुलाचं अनुदान आणि जागेचा कागद

मागच्या व्याख्यानात आपण हक्क आणि उपकार यांतला फरक पाहिला. तो फार हवेत राहिला, अशी काही श्रोत्यांची तक्रार आली. रास्त आहे. म्हणून आज जमिनीवर येऊ, अगदी शब्दशः. केंद्र सरकार शहरांना गरिबांच्या घरांसाठी पैसा देतं. तो नांदेड-लातूरमध्ये आल्यावर कोणापर्यंत पोचतो आणि कोणाच्या दारावरून तसाच पुढे जातो, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या अनुदानात निवड गरिबीवरून सुरू होते खरी, पण शेवट जागेच्या कागदावर होतो.

नांदेडपासून सुरुवात करू. ३ डिसेंबर २००५ ला जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. मुळात ते मोठ्या शहरांसाठी. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि पाचवं नांदेड. २००१ च्या जनगणनेत जेमतेम सव्वाचार लाखांचं हे शहर त्या पंगतीत बसलं ते धार्मिक महत्त्वाच्या निकषावर. शहर लहान म्हणून पायाभूत कामांत केंद्राचा वाटा ८० टक्के. मुंबईला तो ३५ टक्केच होता. शिवाय समोर तारीख होती. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा. रस्ते, पाणी, मलनिःसारण, गोदाकाठ, सगळी कामं त्या तारखेकडे बघून धावली. मी याला नावं ठेवत नाही. नांदेडकरांनी ते शहर बदलताना पाहिलंय.

पण गरिबाच्या घराला अशी तारीख नसते. त्याच अभियानाचा दुसरा भाग होता, शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा, ज्याला आपण बीएसयूपी म्हणतो. कागदावर तो मला आजही आवडतो. गरिबाला सात गोष्टी मिळाव्यात असं त्यात होतं: जागेवरचा हक्क, परवडणारं घर, पाणी, स्वच्छता, आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक सुरक्षा. यादीत पहिलं काय आलं बघा. जागेवरचा हक्क! घर दुसरं. क्रम लावणाऱ्याला विषय कळला होता. कमीत कमी २५ चौरस मीटर चटई क्षेत्र, कुटुंबाचा स्वतःचा वाटा १२ टक्के, मागासवर्गीयांना १० टक्के. आणि घडलं काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानुसार ३१ मार्च २०११ पर्यंत देशभरात मंजूर झालेल्या १,५१७ गृहनिर्माण प्रकल्पांपैकी पूर्ण झाले होते २२. पुन्हा सांगतो, बावीस.

पैसा चार हप्त्यांत यायचा. आधीच्या रकमेतला ७० टक्के खर्च दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की पुढचा हप्ता. हे प्रमाणपत्र मोठं मजेशीर आहे. पैसा खर्च झाला एवढं ते सिद्ध करतं. त्या छपराखाली रात्री कोण झोपलं, हा प्रश्न त्याच्या रकान्यातच नाही. साधनाचा हिशेब अगदी चोख, साध्याचा हिशेब कोणी मागतच नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे शिकवायला मला अर्धं सत्र लागायचं, इथे एका फॉर्ममध्ये आलंय.

आता २५ जून २०१५ ची प्रधानमंत्री आवास योजना. आपल्याकडच्या वस्त्यांमध्ये लोक जिच्याबद्दल विचारतात, ती म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधण्याची सोय. २०१५ च्या त्या योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि घर ३० चौरस मीटरपर्यंत, असं होतं. म्हणजे साधारण ३२२ चौरस फूट. फुटाला दीड हजार धरला तरी खर्च पावणेपाच लाखांच्या वर जातो. अनुदान त्याच्या निम्म्याच्या आसपास. पैसे टप्प्याटप्प्याने, पायाचा फोटो, छताचा फोटो असं करत. मधल्या काळात जुनं घर पाडलेलं, राहायला भाडं, वर सावकार. लातूर जिल्ह्याला हप्त्यांचं घर नवं नाही म्हणा. १९९३ च्या भूकंपानंतर एक अख्खी पिढी त्यातून गेली आहे.

पण ही सगळी अडचण ‘स्वतःची जागा’ असलेल्याची. आपल्या मराठवाड्यात स्वतःची जागा म्हणजे काय? शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेला वीस बाय तीसचा प्लॉट. शेताचे तुकडे पाडून विकलेला, सातबारावर नाव भलत्याचंच. कुठे इनामाची जमीन, कुठे सरकारी. समजा, एखादं कुटुंब अशा जागेवर पंचवीस वर्षं राहतंय, घरपट्टी भरतंय, मतदार यादीत नाव आहे. अर्ज घेऊन गेलं की प्रश्न एकच: मालकी हक्काचा पुरावा? गुंठेवारीचा कायदा २००१ पासून आहे, पण नियमित करायलाही शुल्क लागतं, आणि ते ज्याच्याकडे आहे तो या रांगेत सहसा नसतो. भाडेकरूचं तर नावच नको. लातूरमध्ये शिकवण्यांच्या भोवती भाड्याच्या खोल्यांचं एक शहरच उभं आहे. तिथे धुणीभांडी करणारी बाई स्वतःही भाड्यानेच राहते. तिच्यासाठी भागीदारीतल्या घरांचा घटक आहे, पण त्याला आधी जमीन लागते.

‘लाभार्थी’ हा शब्द नीट बघा. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. मागणाऱ्याला पात्र-अपात्र ठरवता येतं. हक्कदाराला तसं करता येत नाही.

कोणी म्हणेल, सर, कागद न बघता पैसे वाटले तर उद्या कोणीही उठून दुसऱ्याच्या जागेवर घर बांधेल. बरोबर आहे. कागद नको असं मी म्हणतच नाही. आधी कागद द्या, मग घर द्या, एवढंच. शासकीय जागेवरची जुनी घरं नियमित करण्याचे निर्णय राज्याने काढले, ते या दिशेचेच आहेत. खासगी जमिनीवरच्या बाँडवाल्यांना मात्र त्यात दार नाही.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने शहरांना असंच सामुदायिक विकासाचं अनुदान मिळतं. अट अशी की किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि शहराने वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घेतल्या पाहिजेत. तिथेही पळवाटा आहेत. वस्तीतले ५१ टक्के लोक गरीब असले की तिथली बागही गरिबांच्या खात्यात जमा! पण सुनावणीत उभं राहून ‘ही बाग कोणाची?’ असं विचारता येतं.

आपल्याकडे ते कुठे विचारायचं? तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समिती असावी असं राज्यघटना सांगते. नांदेड आणि लातूर दोन्ही त्यात बसतात. पण २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या वर्षांत घरकुलाचा अडलेला हप्ता विचारायला दारात बोलवायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मंजूर लाभार्थ्यांची यादी असते. तशीच नामंजूर अर्जांची यादी प्रभागवार लावावी, नावं झाकून, पण कारणासह: उत्पन्न जास्त, आधीच पक्कं घर, जागेचा पुरावा नाही. तिसऱ्या कारणापुढे किती अर्ज आहेत ते मोजावेत आणि पुढच्या वर्षीचा मोजणीचा, पट्ट्यांचा पैसा त्या प्रभागापासून सुरू करावा. बांधकामाचा नंतर. आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंनी कधीचा हात वर केलाय, आधी त्यांना माईक द्या.