विसर्ग की अपूर्णविराम? संकेतस्थळांवरील मराठी विरामचिन्हांविषयी

मराठी गद्यातील विरामचिन्हे मूळची इंग्रजी, हे अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. पोथ्यांत दंड व दुहेरी दंड एवढ्यावर भागत असे. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ही चिन्हे स्थिरावली. खिळे जुळविणारे कारागीर व मुद्रितशोधक यांनी ती शिस्त सांभाळली. संकेतस्थळावर या दोघांच्या जागी बहुधा कोणीच नसते.

त्यातील काही दोष सौम्य आहेत. टंकलेखन यंत्रात कळा मोजक्या असल्यामुळे आरंभीच्या व अखेरच्या अवतरणचिन्हांसाठी एकच सरळ चिन्ह आले आणि तेच संगणकाने उचलले. ‘आई-वडील’ मधील जोडणारे संयोगचिन्ह आणि वाक्य तोडणारे अपसारणचिन्ह यांची सरमिसळही तशीच. वाचक क्षणभर अडखळतो, इतकेच.

विसर्गाची गोष्ट मात्र निराळी आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजीतील अपूर्णविरामाची कळ च व छ यांना दिलेली आहे. विसर्ग संयोगचिन्हाच्या कळेवर शिफ्टसह मिळतो. अपूर्णविराम हवा असलेला टंकलेखक दिसण्यात जवळचा म्हणून विसर्गच उमटवितो. ‘विषयः’ हे संस्कृतातील शुद्ध प्रथमान्त रूप मराठी कार्यालयीन पत्रात अवतरते ते असे! उलट, इंग्रजी चिन्हे हाताशी असलेला लेखक ‘दु:ख’, ‘अंत:करण’ या शब्दांत अपूर्णविराम घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच भासतात. यूनिकोडमध्ये मात्र विसर्ग हे ०९०३ या संकेतांकाचे देवनागरी चिन्ह आहे, तर अपूर्णविराम रोमन लिपीबरोबर आलेल्या मूळ संचातील.

‘अर्थ कळला म्हणजे झाले’ हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. संगणकाच्या दृष्टीने ‘दुःख’ व ‘दु:ख’ हे भिन्न अक्षरक्रम आहेत. त्यामुळे एकाचा अक्षरशः शोध घेतल्यास दुसरा सापडत नाही, अकारविल्हे क्रम बिघडतो, शब्दांच्या वारंवारतेची गणना चुकते. एखाद्या लेखकाची शब्दकळा अंकीय संहितेवरून मोजू पाहणाऱ्या संशोधकाचे निष्कर्ष त्याच्या नकळत सदोष ठरतात. अशी संहिता पुन्हा छापून काढली, तरी दोष तिच्या पोटात राहतोच.

दुरुस्ती यंत्रावर सोपवावी, असे सहज सुचविले जाते. शब्दाच्या मध्यभागी ते बऱ्याच अंशी साधेल. शब्दाच्या अखेरीस मात्र ‘स्वत:’ येथे विसर्ग हवा आणि ‘विषय:’ येथे अपूर्णविराम. सरसकट बदल केल्यास दोहोंपैकी एक बिघडणारच. त्यासाठी विसर्गान्त शब्दांची यादी करावी लागेल: ‘विशेषतः’, ‘अंशतः’, ‘पुनः’, ‘प्रायः’ इत्यादी. ही यादी फार मोठी होणार नाही, आणि ती करावयाची तर मराठी विभागांनीच.