पोलादावर उतरलेला बोरू

निर्णयसागरचे जुने संस्कृत पुस्तक हाती आले, की मी मजकुराआधी शिरोरेषा पाहतो. ती अखंड वाहताना दिसते. खरे तर प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा आणि त्यावरची रेषा कडेशी तोडलेली. केसभर वरखाली झाली असती, तर ओळ दातेरी दिसली असती. इथे नजर कुठेच अडखळत नाही!

जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या टाइपाचे पंच कोरणारा हात राणोजी रावजी आरूंचा. पंच म्हणजे मऊ केलेली पोलादी सळई; तिच्या टोकावर अक्षर कोरायचे, तेही उलटे. बारा पॉइंटच्या टाइपाला उभी जागा जेमतेम सव्वाचार मिलिमीटर. रफार, मात्रा, उकार सगळे त्यातच बसवायचे, म्हणजे मूळ अक्षराला उरते निम्म्याच्या आसपास. कडा कानशीने घासायच्या, पोटातली पोकळी दुसऱ्या पंचाने ठोकून काढायची, दिव्याची काजळी धरून कागदावर ठसा बघायचा आणि पुन्हा कानस. जास्त घासले गेले, तर पोलाद परत भरता येत नाही. मनाजोगते उतरले, की पंचाला पाणी देऊन तांब्यात ठोकायचे. तांब्यातला तो ठसा म्हणजे मातृका; तिच्यातून शिशाचे खिळे ओतायचे.

आता ‘व’ पाहा. वळण दंडापाशी बारीक निघते, डाव्या खांद्यावर भरते, खाली निमुळते होते आणि दंडाला पुन्हा भेटण्याआधी परत भरते. ही तिरप्या कापाच्या बोरूची चाल. बोरूला ती फुकट मिळते. कानशीला मात्र कणाकणाने कमवावी लागते. तरी वळणात कुठे घासल्याची खूण नाही.

माझा खरा जीव जोडाक्षरांवर. ‘द्ध’मध्ये ‘द’च्या पोटाखाली ‘ध’ टांगायचा. ‘ध’ नुसता लहान केला असता, तर त्याच्या रेघा रोडावून तो फिका पडला असता. म्हणून आकार आखडला, पण रेघेची जाडी जवळजवळ तीच ठेवली. आणि जाडी राखूनही त्याच्या गाठीतला पांढरा ठिपका मोकळा सोडला, कारण तिथे शाई साचली, की अक्षराचा डाग होतो. भिंग लावून पाहा, ओल्या कागदावर दाबून छापल्यावरही तो ठिपका उघडाच आहे.