निरूपणातून राहून गेलेली बाई



बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी चैत्रात सप्ताह होता. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत ही गावे निम्मी रिकामी असतात. घराला कुलूप, अंगणात म्हातारी आणि तिच्याजवळ ठेवलेली नातवंडे. माणसे ऊसतोडीवरून परतली की मगच मंडप भरतो, म्हणून सप्ताहही चैत्रातच धरतात.

सहाव्या दिवशी कीर्तनसेवेला जनाबाईंचा अभंग होता. महाराज नामांकित, गळा गोड, मृदंगाची साथ उत्तम. पहाटेची वेळ, नामदेवरायांच्या घरचे दळण, जनी एकटी, आणि तो जगजेठी येऊन खुंट्याला हात लावतो, हे त्यांनी असे उभे केले की मंडपातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. टाळकऱ्यांतही दोघे-तिघे डोळे पुसत होते. आणि मग, गंभीर झालेला मंडप हलका करावा म्हणून असेल, महाराज आजच्या बायकांवर घसरले. मिक्सर आला, गिरणी आली, टीव्हीवरची मालिका आली. कष्ट नको, नाम नको, मग देव येईल कशाला? मंडप हसला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. समोर बसलेल्या बायांपैकी निम्म्याअधिक चार-पाच महिने अंधारात उठून, भाकरी थापून, थंडीत फडात उतरून आल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आले ते हसून झाल्यावर.

कीर्तनानंतर महाराज चहा घेत होते. एका बाईने लांबूनच दर्शन घेतले आणि विचारले, "महाराज, देव जनाबाईचं दळायला रोज यायचा. मग तिला अडचण असली तरी यायचा का?"

"माउली, देवाला सगळं चालतं. मर्यादा आपण पाळायची," महाराज म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

ती जायला निघाली. आम्ही दोन-तीन टाळकरी तिथेच होतो. आमच्याकडे वळून, जणू काही चूक झाली असावी अशा सुरात ती म्हणाली, "माझ्यासाठी न्हाई विचारलं, गुरुजी. माझी पिशवी काढून तीन वर्षं झाली. मला आता बारा महिने देवाला जाता येतं. पोरीसाठी विचारलं."

हे वाक्य मी त्या दिवसापासून बरोबर घेऊन फिरतो आहे. गर्भाशय काढून टाकल्यावर देवाची वाट मोकळी झाली, असे एका वारकरी बाईला वाटते. यात डॉक्टरचा, मुकादमाचा, कारखान्याचा दोष आहेच. पण "बारा महिने देवाला जाता येतं" हे शब्द तिला त्यांनी दिलेले नाहीत. ते आपण दिले आहेत.

वाचकांपैकी अनेकांना फडाची रीत ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. मुकादम हंगामाआधी उचल देतो. उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. भाषेतच बाई निम्मी, आणि ती निम्मीही अवजाराच्या नावाने. मजुरी टनावर, हिशेब जोडीचा, पैसा बहुधा नवऱ्याच्या हाती. एक दिवस काम बुडाले तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि वर दंड. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. फडात आडोसा नाही, कोपीत न्हाणी नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. पाळीच्या चार दिवसांत या बाईने काय करावे? अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. यातली बरीचशी दुखणी स्वच्छता, विश्रांती आणि साध्या औषधाने बरी होणारी असतात. पण विश्रांती म्हणजे खाडा. मग कुणीतरी सांगते की पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. आणि ती काढली जाते. त्या खर्चासाठी पुन्हा उचल.

२०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींत एक. काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखर जीव वाचवते; गाठी असतात, न थांबणारा रक्तस्राव असतो, कर्करोगही असतो. पण एकाच कामातल्या बायांत दर सहावीला ती लागावी, याचा अर्थ दुखणे केवळ शरीराचे नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या एका याचिकेवर निकाल देताना राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितले. ती याचिका बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या बायांबाबत होती. म्हणजे रोग एका जिल्ह्याचा नाही. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पाळी एकाएकी थांबते, शरीर अवेळी उतारवयात ढकलले जाते, हाडे ठिसूळ होतात. तिशीतल्या बाईला साठीची कंबर येते.

आता आपल्याकडे वळू. माझी टीका त्या एका महाराजांवर नाही. त्यांनी जे सांगितले ते मीही प्रवचनात अनेकदा सांगितले आहे. टीका आहे ती आपल्या निरूपणाच्या सवयीवर. जनाबाईंची कथा आपण चमत्कारापाशी थांबवतो. देव आला, दळू लागला, धन्य ती जनी, बोला पुंडलिक वरदे. जाते जड होते म्हणून देव आला, याकडे आपण पाहतच नाही. त्याने येऊन जनीला 'सोस' असे सांगितले नाही, तुझे प्रारब्ध आहे असे सांगितले नाही. त्याने खुंटा धरला. आपण मात्र फडातल्या जनीला प्रारब्ध सांगतो आणि वर मिक्सरवरून चिडवतो.

आणि त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात होते, हे जास्त टोचते. चोखोबांच्या सोयराबाईंचे दिवस भरले, घरात कुणी नव्हते, तेव्हा पांडुरंग नणंदेच्या, निर्मळेच्या रूपाने आला आणि त्याने बाळंतपण केले. ही कथा संप्रदायाला पाठ आहे. बाळंतिणीच्या खोलीइतकी 'विटाळाची' जागा जुन्या समाजाने दुसरी मानली नव्हती, आणि देव नेमका तिथे, बाईच्या रूपात, हात भरवून बसला. याच सोयराबाईंनी देह आणि विटाळ यांचा प्रश्न असा सरळ मांडला की त्याला अजून कुणाला उत्तर देता आलेले नाही. महाराजांना एवढेच म्हणता आले असते की, "बाई, यायचा. सोयराबाईच्या बाळंतपणाला आला, तो जनीच्या अडचणीला थांबेल का?" एक वाक्य. त्याऐवजी मर्यादा आली. कथेत देवाने मोडलेली मर्यादा आपण मंडपात पुन्हा बांधली.

कुणी म्हणेल, शास्त्र आहे, रूढी आहे, बायाच पाळतात. पाळतात, हे खरे. आषाढीला निघण्याआधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कितीतरी जणी स्वतःच्या मनाने, डॉक्टरला न विचारता घेतात. आमच्या दिंडीत हे दरवर्षी होते. औषधांच्या पेटीची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून मला माहीत आहे. पुरुषाला सांगायचे नाही म्हणून त्या मागत नाहीत, मेडिकलमधून आणतात. पालखी मार्गावर राज्य महिला आयोगाने आरोग्यवारीत सॅनिटरी नॅपकिनची सोय सुरू केली, ती सरकारने केली. दिंडी मालकांच्या बैठकीत तंबूची जागा, टँकर आणि तांदूळ यांवर तास जातात. या विषयावर पाच मिनिटे गेलेली मी पाहिली नाहीत. मीही तो काढला नव्हता.

त्याच सप्ताहात पाचव्या दिवशीची पंगत एका मुकादमाची होती. सत्कार झाला, श्रीफळ दिले. मुकादमही एकटा खलनायक नाही. कारखान्याकडून घेतलेली उचल डोक्यावर असते, माणसे पळाली तर तो बुडतो. त्याच्या वर वाहतूकदार, त्याच्या वर कारखाना, आणि कारखान्यांच्या पाट्यांवर आपल्याच देवाची आणि संतांची नावे. ऊस लावणारा बागायतदारही माळकरीच. मला म्हणायचे आहे ते एवढेच की या साखळीतली जवळपास प्रत्येक कडी आपल्या मंडपात बसलेली असते, आणि कीर्तनकार तिच्यातल्या फक्त शेवटच्या कडीला उपदेश करतो. पंगत देणाऱ्याला विचारायला हवे: महाराज, तुमच्या टोळीत चार दिवसांचा खाडा माफ आहे का? असे विचारले तर पुढच्या वर्षीची पंगत जाईल, ही भीती खरी आहे. मग देणगीच्या पावतीवर आपण काय काय गप्प बसून विकतो, हेही मोजले पाहिजे.

कार्तिकीला पंढरपुरात गेलात तर गोपाळपूरला जरूर जा. तिथे जनाबाईंचे जाते दाखवतात. आपण भाविक रांगेने जातो, खुंटा धरतो, दोन फेरे फिरवतो, कपाळाला हात लावतो. त्याच दिवसांत सोलापूर जिल्ह्यातल्या फडांना कोयता लागलेला असतो. पंढरपूर तालुक्यातही बांधाकडेला कोप्या पडलेल्या दिसतात. त्यांत माळ घातलेल्या कितीतरी बाया असतात. कळस दिसेल इतक्या अंतरावर ऊस तोडत असूनही एकादशीला त्यांना चंद्रभागेवर येता येत नाही, कारण एकादशीचाही खाडा असतो. गेल्या कार्तिकीला मी जाते फिरवले तेव्हा ते फारच हलके वाटले.

आषाढीला ती बाई आमच्या दिंडीत होती. मुलगी बरोबर नव्हती. का, ते मी विचारले नाही. दर विसाव्याला ती कंबर धरून बसायची आणि विणा पुढे गेला की उठायची. वेळापूरच्या अलीकडे तिला चालवेना, म्हणून तिला आरोग्य शिबिराच्या तंबूत नेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाठ तपासली, कंबरेवर दाबून पाहिले आणि कागदावर लिहिता लिहिता वय विचारले.

"चौतीस," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि पुन्हा विचारले.