हलक्या वजनगटांतील कुस्ती आणि प्रेक्षकांची रुची : एक चिकित्सा

प्रस्तावना

डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम लढतीत बाला रफिक शेख याने पुण्याच्या अभिजित कटके याचा पराभव केला आणि मानाची गदा पटकावली. बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा. परंतु या स्पर्धेत तो बुलढाणा जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत होता. त्यामुळे 'बुलढाण्याचा मल्ल महाराष्ट्र केसरी' ही वार्ता जिल्हाभर अभिमानाने सांगितली गेली. त्याच स्पर्धेत हलक्या वजनगटांतही लढती झाल्या, विजेते ठरले, पदकेही दिली गेली. त्या विजेत्यांची नावे मात्र कुस्तीक्षेत्राबाहेर फारशी पोहोचली नाहीत. दरवर्षी हेच घडते.

या स्थितीचे स्पष्टीकरण सहसा एका वाक्यात दिले जाते : प्रेक्षकांना भारदस्त मल्लच आवडतात. हे स्पष्टीकरण कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. हलक्या गटांविषयीची उदासीनता ही प्रेक्षकांची उपजत आवड नसून ती स्पर्धेच्या रचनेतून घडलेली सवय आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

'हलका' या शब्दाचे ओझे

मराठी भाषेत वजन ही केवळ मोजण्याची गोष्ट नाही. ज्याच्या शब्दाला मान असतो त्याच्या शब्दाला 'वजन' असते. ज्याची प्रत कमी ती वस्तू 'हलक्या प्रतीची' ठरते. म्हणजे 'हलका वजनगट' हा शब्दप्रयोग ऐकताक्षणीच कमीपणाची छटा मनात उमटते.

जत्रेतील दंगलीची परंपरा या छटेला बळकटी देते. दंगलीची सुरुवात लहान मुलांच्या, रेवड्यांवर लावलेल्या कुस्त्यांनी होते. मग क्रमाक्रमाने इनामाची रक्कम वाढत जाते आणि मल्लांचा देहही. सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी होते. येथे वजनकाटा नसतो; जाणती माणसे नजरेने जोड लावतात. या क्रमात लहान देह म्हणजे कोवळा मल्ल आणि मोठा देह म्हणजे तयार मल्ल, असे समीकरण प्रेक्षकाच्या मनात बालपणापासून रुजते. सत्तावन्न किलो वजनाचा पंचवीस वर्षांचा, पूर्ण तयारीचा मल्ल या समीकरणात कोठेच बसत नाही. त्याची कुस्ती प्रेक्षकाला 'आधीच्या कुस्त्यांपैकी एक' वाटते.

वजनदार मल्लाच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो नाकारता येत नाही. 'सर्वांत बलवान कोण?' हा प्रश्न माणसाला आदिम काळापासून पडत आला आहे आणि त्याचे उत्तर खुल्या गटातच मिळू शकते. हलक्या गटाचा विजेता हा एका मर्यादेच्या आतला श्रेष्ठ असतो. परंतु सर्वांत बलवान कोण, हे जाणण्याची उत्सुकता आणि उत्तम कुस्ती पाहण्याचा आनंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मातीतील मोठ्या कुस्त्या अनेकदा बराच वेळ रेंगाळतात, काही बरोबरीत सोडवाव्या लागतात, आणि प्रेक्षक नाराजी व्यक्त करीत का होईना, शेवटपर्यंत बसून राहतात. केवळ वेग, डावपेच आणि चपळता हेच रुचीचे निकष असते, तर हा प्रेक्षक हलक्या कुस्त्यांच्या वेळीच मैदानात गर्दी करता. अर्थात रुचीचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

स्पर्धेची रचना आणि घडणारी सवय

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून भरते. दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी होत. अलीकडच्या रचनेनुसार ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल 'केसरी' गटातून खेळतात. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम कुस्ती होते व त्यातून एकच महाराष्ट्र केसरी ठरतो. मातीचा मल्ल श्रेष्ठ की गादीचा, हा प्रश्न वर्षभर चर्चेत राहतो आणि एका रात्री त्याचा निकाल लागतो. प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यास यापेक्षा उत्तम योजना क्वचितच सापडेल.

हलक्या गटांत हेच घडत नाही. ५७ किलो गटात मातीचा विजेता वेगळा आणि गादीचा विजेता वेगळा. दोघांनाही सुवर्णपदक मिळते आणि दोघे परस्परांशी न भिडताच घरी जातात. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रेक्षक केसरी गटाची वाट पाहतो, तोच प्रश्न हलक्या गटात उपस्थितच होऊ दिला जात नाही. गदा नाही, किताब नाही, अंतिम रात्र नाही. अशा परिस्थितीत प्रेक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरते.

या रचनेचा परिणाम मल्लांच्या निवडीवरही होतो. नरसिंग यादव याने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. आंतरराष्ट्रीय स्तरावर तो ७४ किलो गटात खेळत असे आणि याच गटात २०१५ च्या लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. जागतिक दर्जाच्या मध्यम वजनाच्या मल्लालाही राज्यात नाव कमवायचे तर भारदस्त मल्लांच्या गटातच उतरावे लागते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

खाशाबा जाधव : निर्माण झालेली आणि ओसरलेली रुची

हलक्या गटाविषयी मराठी माणसाला मुळातच आस्था नाही, या समजाला सर्वांत मोठे उत्तर खाशाबा जाधव यांच्या चरित्रात आहे. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेऊन ते ऋण फेडले. म्हणजेच सत्तावन्न किलोच्या मल्लाला पाहण्यासाठी लोक आले आणि त्यांनी पैसेही मोजले.

ही रुची टिकली का नाही, हा खरा प्रश्न आहे. मिरवणूक एकदा निघते; किताब दरवर्षी दिला जातो. खाशाबांच्या गटात राज्यपातळीवर असा कोणताही मानाचा किताब उभा राहिला नाही, की ज्याच्या निमित्ताने त्यांच्या परंपरेतील पुढच्या मल्लाचे नाव दरवर्षी लोकांच्या ओठी यावे. १९८४ मध्ये अपघाती निधन होईपर्यंत त्यांची उपेक्षाच झाली. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर मिळाला. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक १९९६ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, लिएंडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले.

येथे आणखी एक वस्तुस्थिती विचारात घ्यावी लागते. खाशाबांपासून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील अमन सेहरावतपर्यंत भारताने कुस्तीत एकूण आठ ऑलिम्पिक पदके मिळविली. सुशील कुमारची दोन पदके ६६ किलो गटातील, योगेश्वर दत्तचे ६० किलो, साक्षी मलिकचे महिलांच्या ५८ किलो, बजरंग पुनियाचे ६५ किलो, तर खाशाबा, रवी दहिया आणि अमन यांची ५७ किलो गटातील. ६६ किलोंच्या वर भारताला कुस्तीत एकही ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. ज्या वजनात देशाचे यश आहे त्या वजनाकडे राज्याचा सर्वांत मोठा आखाडा पाठ फिरवून उभा आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

परदेशातील एक समांतर उदाहरण

कुस्ती, मुष्टियुद्ध, जुजुत्सू इत्यादींचा संकर असलेल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स या क्रीडाप्रकारातही हाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप अर्थात यूएफसी या संस्थेने २०१२ मध्ये पुरुषांचा फ्लायवेट गट सुरू केला. १२५ पौंडांची ही मर्यादा साधारणतः ५७ किलोंचीच आहे. पहिला विजेता डिमिट्रियस जॉन्सन याने सलग अकरा वेळा किताब राखला. इतके कौशल्य असूनही प्रेक्षकवर्ग अपेक्षेइतका वाढला नाही. २०१८ मध्ये जॉन्सन दुसऱ्या संस्थेत गेला, अनेक खेळाडू करारमुक्त झाले आणि हा गट बंद होणार अशी चर्चा सुरू झाली.

नंतर चित्र पालटले. ब्राझीलचा डेव्हसन फिगेरेडो आणि मेक्सिकोचा ब्रँडन मोरेनो यांच्यात २०२० ते २०२३ या काळात चार लढती झाल्या. पहिली बरोबरीत सुटली, दुसरी मोरेनोने, तिसरी फिगेरेडोने आणि चौथी पुन्हा मोरेनोने जिंकली. वजन तेच होते. बदलली होती ती जोड. एकाच विजेत्याचे निर्विवाद वर्चस्व प्रेक्षकाला थक्क करते, पण त्याला पुढच्या लढतीची ओढ लावत नाही. तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि पुन्हापुन्हा होणारी गाठ हीच ओढ निर्माण करते. 'कुस्ती तोडीस तोड हवी' हे जाणत्या मराठी प्रेक्षकाचे मत याहून वेगळे नाही.

तुटणारी सलगता

हलक्या गटात ही ओढ टिकणे आणखी एका कारणाने कठीण होते. वजनगटांची आखणी बदलत राहते आणि मल्लही गट बदलत राहतात. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. परंतु ६१ किलो हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. जागतिक पदकाचा हा आनंद ऑलिम्पिकच्या प्रतीक्षेत रूपांतरित होऊ शकला नाही आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने कथा अर्ध्यावरच थांबली.

याउलट पॅरिस येथे अंतिम लढतीच्या दिवशी विनेश फोगाट ५० किलोंच्या मर्यादेपेक्षा शंभर ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा संपूर्ण देश हळहळला. हलक्या गटातील न झालेल्या कुस्तीकडे देशाचे इतके लक्ष लागावे, ही बाब बोलकी आहे. मल्लाचा संघर्ष ठाऊक असेल तर वजनाचा आकडा प्रेक्षकाच्या आड येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रेक्षकाची रुची मल्लाच्या वजनावर नव्हे, तर किताब, तुल्यबळ जोड, सलगता आणि कुस्त्यांचा क्रम या चार गोष्टींवर अवलंबून असते. या चारही गोष्टी आयोजकांच्या हाती आहेत. हलक्या गटांतही माती आणि गादी यांच्या विजेत्यांची अंतिम कुस्ती लावणे, त्या विजेत्यास स्वतंत्र किताब देणे आणि किमान एक हलकी कुस्ती मुख्य कुस्तीच्या लगत ठेवणे यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. जत्रेच्या दंगलीतही इनामाचा असा क्रम लावता येईल.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तालमीत घाम गाळणाऱ्या प्रत्येक मुलाचा देह शंभर किलोंचा होणार नाही. त्याच्यापुढे एकच गदा ठेवली, तर तो एकतर शरीरधर्माविरुद्ध वजन वाढवीत राहील किंवा लाल माती सोडून देईल. खाशाबांचे वजन सत्तावन्न किलो होते, हे प्रत्येक आखाड्यात सांगितले जाते. त्या वजनाच्या मुलाची कुस्ती पाहायला लोक थांबतील अशी व्यवस्था करणे, हा त्या सांगण्याचा पुढचा आणि अधिक आवश्यक भाग होय.