मराठी हायकू आणि वऱ्हाडचे ऋतुशब्द

मराठी कवितेत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांच्याकडे जाते, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. ‘हेच हायकू’, ‘फक्त हायकू’ ही त्यांच्या संग्रहांची नावेही बोलकी आहेत. परक्या काव्यप्रकाराची ओळख पटवून देताना ‘हेच’ आणि ‘फक्त’ असे ठासून सांगण्याची गरज कवयित्रीला वाटली असावी. पुढे हायकू महाविद्यालयीन वार्षिकांकांपर्यंत पोहोचला आणि तीन ओळींत उरकणारी सोपी कविता अशी त्याची ख्याती झाली. या सोपेपणात हायकूचे नेमके काय हरवले, याचा विचार प्रस्तुत लेखात वऱ्हाडच्या संदर्भात करावयाचा आहे.

वऱ्हाडचा संदर्भ घेण्यास एक वाङ्मयीन कारणही आहे. गझल हा असाच बाहेरून आलेला काव्यप्रकार. तो मराठीत स्थिर करताना अमरावतीच्या सुरेश भटांनी (१९३२–२००३) वृत्त, काफिया, रदीफ यांविषयी कोणतीही तडजोड केली नाही आणि नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ सिद्ध केली. हायकूला मराठीत अशी बाराखडी लाभली नाही. गझलेचे व्याकरण तिच्यासोबत आले, हायकूचे मात्र वाटेतच राहिले, असे म्हणावे लागते.

हायकूच्या व्याकरणाचा प्रश्न निघाला की चर्चा पाच-सात-पाच या मोजणीवर येऊन थांबते. जपानीतील १७ ही संख्या ध्वनिमात्रांची आहे. मराठी अक्षर म्हणजे ती मात्रा नव्हे. त्यामुळे अक्षरे मोजून हायकूची पारख करणे फारसे फलदायी नाही. मोजणी पाळावी किंवा पाळू नये, त्याने रचना तरत नाही की बुडतही नाही.

खरा प्रश्न ऋतुशब्दाचा आहे. जपानी परंपरेत ‘किगो’ म्हणजे ऋतू सुचविणारा शब्द हा हायकूचा कणा मानला जातो. अशा शब्दांचे ऋतुवार कोश, ज्यांना ‘साइजिकी’ म्हणतात, तेथे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. किगो म्हणजे निसर्गवर्णन नव्हे. एका शब्दासरशी हवा, काम, अन्न, सण आणि मनाची अवस्था वाचकापुढे उभी राहते आणि म्हणूनच पुढील ओळींना कमी बोलणे परवडते. मराठी हायकूत ऋतू येतो तो बहुधा पाऊस, चाफा, फुलपाखरू, चांदणे या ठरावीक संकेतांतून. हे शब्द सुंदर असले तरी कोणत्याही गावाचे नाहीत. पुण्यातला आणि दर्यापुरातला पाऊस त्यांत सारखाच पडतो.

वऱ्हाडच्या बोलीत आणि शेतीव्यवहारात मात्र ऋतुशब्दांचा साठा तयार आहे. ‘झड’ हा शब्द घ्यावा. दिवसेंदिवस न उघडणारा पाऊस, ओल धरलेल्या भिंती, खोळंबलेली डवरणी आणि घरात बसून कंटाळलेली माणसे एवढे सारे त्या एका शब्दात येते. संत्र्याच्या बागेत तर वर्षाचे दोन बहर नावानिशी वाटून दिलेले आहेत. ऐन हिवाळ्याच्या उतरणीला फुलणारा आंबिया बहार आणि पावसाच्या आरंभी फुलणारा मृग बहार. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ‘मृग बहार’ एवढे म्हटले की फूल, नक्षत्र आणि बागायतदाराची चिंता एकत्र हजर होतात. मे महिन्याच्या अखेरीचा नवतपा, कापूस वेचणीच्या आरंभीचे सीतादही, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या गाण्यांत नांदणारी भुलाबाई, हुरडा, पोळा ही यादी सहज वाढविता येईल. शहरी जीवनही तिला परके नाही. अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे जाण्याआधी गच्चीवरून उतरविला जाणारा कूलर आणि त्याला लागणारा ताजा वाळा हे उन्हाळ्याचे निःसंशय किगो होत. कूलर काव्यमय नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु बाशोची परंपरा उवा, पिसवा आणि घोड्याचे मूत यांनाही कवितेत जागा देते, हे आक्षेपकांनी लक्षात घ्यावे.

आपल्या पंचांगातच खेळकरपणाची एक विलक्षण सोय आहे. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. कधी बेडूक, कधी मोर, कधी गाढव. शेतकरी त्यावरून पावसाचा अंदाज बांधतो आणि त्याच श्वासात त्याची थट्टाही करतो. केवळ विवेचनाच्या सोयीसाठी येथे रचलेल्या पुढील ओळी पाहाव्यात :

मृग कोरडा
पंचांगातली म्हैस
रवंथ करी

या ओळींत विनोद आहे, पण तो कोरड्या मृगावर उभा आहे. दुबार पेरणीचा धसका ज्याला माहीत आहे तो हसेल आणि हसता हसता थांबेल. ऋतुशब्द काढून टाकला तर उरते ती निव्वळ गंमत. जपानीत अशा ऋतुनिरपेक्ष, माणसांच्या वागण्यावर टिपणी करणाऱ्या सतरा मात्रांच्या रचनेला ‘सेनर्‍यू’ म्हणतात. काराई सेनर्‍यू (१७१८–१७९०) या संकलकावरून ते नाव पडले. मराठीत हायकू म्हणून छापले जाणारे बरेच लेखन वस्तुतः सेनर्‍यू असते. त्यात कमीपणा नाही, पण भेद कळणे आवश्यक आहे.

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. ज्या प्रदेशाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, ज्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही खारट निघते, तेथे तीन ओळींची खेळकर कविता हा शोभेचा छंद ठरत नाही काय? या शंकेला उत्तर द्यावयाचे तर कोबायाशी इस्साकडे (१७६३–१८२८) वळावे लागते. इस्सा हा शेतकऱ्याचा मुलगा. माशी, बेडूक, चिमणी यांच्याशी थट्टेने बोलणारा म्हणून तो ओळखला जातो. १८१९ मध्ये त्याची तान्ही मुलगी देवीच्या रोगाने दगावली आणि त्याच वर्षाच्या नोंदींतून ‘ओरागा हारू’ हे त्याचे गद्यपद्यमिश्रित पुस्तक आकाराला आले. त्यात हसू आणि शोक एकमेकांना लागूनच आहेत. इस्साच्या थट्टेमागची माया दुःखाने आटत नाही. तेव्हा वऱ्हाडी हायकूने दुःख सोडून हसावे असे नव्हे, किंवा प्रत्येक वेळी दुःखाचा जाहीर उच्चारही करावा असे नव्हे. कोरड्या मृगाचे नाव घेणे कित्येकदा पुरेसे असते.

मराठी हायकूची दुसरी अडचण यमकाची आहे. जपानी हायकूत यमकाचा नियम नाही. मराठीत मात्र पहिल्या-तिसऱ्या किंवा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ते जुळविण्याचा प्रघात पडला. ओवी, उखाणा आणि म्हणी यांवर पोसलेल्या कानाला हे स्वाभाविकच आहे आणि खेळकर रचनेत यमक शोभतेही. चिंतनशील रचनेत मात्र ते घात करते, कारण यमक जुळले की विचार संपल्याचा भास होतो. कापसाच्या हंगामाच्या अखेरीस वऱ्हाडात ‘उलंगवाडी’ म्हणतात. या शब्दाच्या आधारे रचलेले दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत :

उलंगवाडी
होताच जीवनाची
उरे न गोडी

उलंगवाडी
पऱ्हाटीवर राही
एकच बोंड

पहिल्या नमुन्यात शेत कुठेच नाही. उलंगवाडी तेथे केवळ रूपक झाली आणि यमकाने तिचे सुभाषित केले. दुसऱ्यात कोणताही निष्कर्ष नाही. ते बोंड वेचणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटले, की किडके म्हणून तिने सोडले, हे वाचकाने ठरवायचे आहे.

लहानशा प्रसंगाची अशी निष्कर्षाविना नोंद करण्याची रीत या भूमीला अगदीच नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे वावरलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रलीळांत त्यांचे बालसुलभ, विक्षिप्त वागणे छोट्या छोट्या प्रसंगांतून टिपलेले आहे. अर्थात ते गद्य आहे, भक्तीच्या हेतूने लिहिलेले आहे. त्यावरून हायकूची देशी वंशावळ जोडणे हा उत्साहाचा अतिरेक होईल.

वऱ्हाडी ऋतुशब्दांचा कोश करण्याचे काम येथील मराठी विभागांच्या आवाक्यातले आहे. विद्यार्थी गावोगावचे आहेत आणि शब्द त्यांच्या घरांत आहेत. अडचण संकलनापेक्षा मांडणीत अधिक येईल. १८७३ मध्ये जपानने ग्रेगरी कालगणना स्वीकारली, तेव्हा तेथील ऋतुकोशांची घडी विस्कटली आणि नववर्षाचा वेगळा विभाग करावा लागला. येथे कालगणना तीच आहे, पण पाऊस ठरल्या नक्षत्राला येईलच असे राहिलेले नाही. हरभरा आणि गहू उभा असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी गारपीट कोशात कोणत्या ऋतूखाली लावायची, हे संपादकांना आधी ठरवावे लागेल.